आरामखुर्चीचे वय तिच्या पोटाखाली
(वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : आमचे पणजोबा चिमूरकडच्या एका गावचे मालगुजार, म्हणजे सारा वसूल करणारे जमीनदार, होते. मालगुजारी असतानाच त्यांनी करून घेतलेली सागवानी आरामखुर्ची आजही वाड्याच्या ढाळजेत आहे. तिची बैठक वेताची असून हातांखालच्या लांब फळ्या पुढे फिरवता येतात. गावात फिरणारा एक खरेदीदार ती ‘फार तर पन्नास वर्षांची’ म्हणून लाकडाच्या भावाने मागतो, तर पुण्यातला पुतण्या ती ‘दीडशे वर्षांची व्हिक्टोरियन’ असल्याचे सांगतो. कोणाचे खरे मानावे?
— एक वाचक, जि. चंद्रपूर

उत्तर : तूर्त दोघांचेही मानू नये. आपल्या प्रांतातील, म्हणजे तेव्हाच्या मध्य प्रदेशातील, मालगुजारी 1951 मध्ये संपली. तेव्हा घरातली आठवण पक्की असेल, तर खरेदीदाराची पन्नास वर्षे तिथेच निकालात निघतात. पुतण्याची दीडशे वर्षे मात्र त्यामुळे सिद्ध होत नाहीत.

या घाटाच्या खुर्चीला इंग्रजीत ‘प्लँटर्स चेअर’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थान, सिलोन आणि मलाया येथील मळेवाल्यांच्या व साहेबांच्या बंगल्यांत ती रुळली. दिवसभर घोड्यावर बसून आलेल्या माणसाला बुटांसकट पाय वर टाकता यावेत म्हणून त्या फिरत्या फळ्या, आणि पाठीखालून वारा खेळावा म्हणून वेताची जाळी. साहेबाचे पाहून जमीनदारांनी, वकिलांनी आणि मालगुजारांनी तशाच खुर्च्या गावच्या सुताराकडून करून घेतल्या. चांद्याकडे (आजच्या चंद्रपुराकडे) सागाला तोटा नव्हता. सुताराने समोर नमुना ठेवून खुर्ची उतरवायची, तिच्यावरून पुढच्या पिढीने दुसरी, असे चालत राहिल्यामुळे हा घाट स्वातंत्र्यानंतरही फारसा बदलला नाही. म्हणूनच केवळ आकार पाहून वय सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही.

खुर्ची उलटी करून पाहावी. पॉलिश आणि रंग वरून चढतो. खालची बाजू बहुधा कोणी शिवत नाही. तिथल्या स्क्रूच्या डोक्यावर एकच सरळ खाच आहे की अधिक चिन्हासारखी, हे आधी तपासावे. चौफुलीच्या खाचेचा स्क्रू 1930 च्या दशकात बाजारात आला. मूळचे सगळेच स्क्रू तसे असतील, तर खुर्ची त्याआधीची असू शकत नाही. एखादाच तसा असेल, तर तो दुरुस्तीत आलेला समजावा. मग वेत पाहावा. चौकटीत ओळीने छिद्रे पाडून प्रत्येक पट्टी त्यांतून ओवलेली असेल, तर ते हातविणीचे काम होय. चर खोदून त्यात तयार जाळीचे कापड दाबून बसवलेले असेल, तर ते काम पुष्कळदा नंतरचे असते. शेवटी झीज पाहावी. मनगट टेकते तिथे आणि फळी वळते त्या खिळीभोवती लाकूड खरोखर गुळगुळीत झालेले असते. बनावट जुनेपणात सगळीकडे सारखेच ओरखडे दिसतात.

एक कायद्याची गोष्टही ध्यानात असू द्यावी. 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षे पूर्ण झालेली कारागिरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते, आणि अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. ‘परदेशातले गिऱ्हाईक आहे’ असे कोणी सांगू लागला, तर सावध व्हावे.

प्रश्न : आमच्या आरामखुर्चीची जाळी फाटली आहे. सुतार म्हणतो की प्लायवूड ठोकून वर फोम टाकू, आणि मशिनने घासून मेलामाइन पॉलिश मारू. तसे करावे का?
— एक वाचक भगिनी, ता. अचलपूर

उत्तर : करू नये. सुतार वाईट सांगतो आहे असे नाही, त्याला काम लवकर उरकणारे हवे आहे. परंतु या खुर्चीची बैठक आणि पाठ मिळून एकच लांब वळण असते. सपाट प्लायवूड त्या वळणाशी जुळत नाही, आणि फोमवर वैशाखात बसून पाहिले की जाळी कशासाठी होती ते कळते.

विणणारा मिळत असेल, तर वेतच विणून घ्यावा. हातविणीत दोन थर उभे, दोन आडवे आणि दोन तिरपे जातात, आणि त्यांतून अष्टकोनी भोके उमटतात. पट्ट्या भिजवून विणतात. वाळताना त्या आखडतात आणि जाळी आपोआप ताणली जाते. हीच जाळी सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापारातून इंग्लंडात पोहोचली आणि तिथल्या खुर्च्यांची फॅशन झाली.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात वेत कोरडा पडून तडकतो. जाळीचा वरचा भाग ही वेताची चकचकीत साल असल्यामुळे ती पाणी घेत नाही. त्यामुळे ओले फडके नेहमी खालून फिरवावे आणि रात्रभर खुर्चीवर कोणी बसू नये. कुलरच्या तोंडाशी मात्र ती ठेवू नये, लाकूड फुगते.

पॉलिशसाठी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून खालच्या बाजूला घासावा. थर विरघळून बोळा तांबूस झाला, तर ते चपड्याचे (लाखेचे) जुने पॉलिश आहे. ते खरवडायचे नसते. त्यावरच चपड्याचे नवे हात बसतात. मशिनने घासलेली खुर्ची नवी दिसते, आणि तेच तिचे नुकसान.

प्रश्न : मी डिझाइनचा विद्यार्थी आहे. लाउंज चेअरच्या इतिहासात सगळी नावे युरोप-अमेरिकेचीच येतात. भारताचा त्यात काहीच वाटा नाही का?
— एक विद्यार्थी, वर्धा

उत्तर : वाटा आहे, आणि तो मोठा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आजच्या उत्तराखंडातील रुरकीच्या लष्करी इंजिनिअरांच्या नावाने ओळखली जाणारी एक छावणीची खुर्ची तयार झाली. तिच्यात एकही सांधा सरसाने चिकटवलेला नाही. आडव्या दांड्यांची निमुळती टोके पायांच्या भोकांत नुसती बसवायची, कातडी पट्टे आवळायचे. माणूस बसला की त्याच्याच वजनाने सांगाडा घट्ट होतो. सांधे थोडे हलते असल्यामुळे उंचसखल जमिनीवरही चारही पाय टेकतात. बांधाकडेला खाट डुगडुगते ती ज्याने अनुभवली आहे, त्याला या युक्तीचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही. डेन्मार्कचा डिझायनर कोर क्लिंट याने 1933 मध्ये याच खुर्चीवरून आपली ‘सफारी’ खुर्ची बेतली. पॅरिसमधील वास्तुकार-डिझायनर ल कॉर्बुझिए, पिएर जानरे आणि शार्लोत पेरियाँ यांच्या 1928 च्या, पाठ झुलणाऱ्या पोलादी नळ्यांच्या खुर्चीतही या रुरकीच्या खुर्चीची आठवण स्पष्ट दिसते.

त्यांपैकी जानरे पुढे चंदीगडला आले. तिथल्या कचेऱ्यांसाठी त्यांनी साग आणि वेताच्या खुर्च्या करवून घेतल्या. पुढे त्या भंगारात निघाल्या आणि आता परदेशी लिलावांत विकल्या जातात. त्यांच्यावर रंगाने लिहिलेले कचेरीचे नाव आणि क्रमांक हीच आज त्यांची ओळख. अमेरिकन डिझायनर दांपत्य चार्ल्स आणि रे ईम्स यांची वाकवलेल्या प्लायवूडची प्रसिद्ध आरामखुर्ची 1956 ची आहे. दोनच वर्षांनी त्यांनी भारत सरकारला अहवाल दिला, त्यातून अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. त्या अहवालात त्यांनी आपल्या साध्या लोट्याचे मनापासून कौतुक केले आहे, खुर्चीचे नव्हे.

प्रश्न : घडीच्या लाकडी आरामखुर्चीचे कापड फाटले. कोणते लावावे?
— एक वाचक, ता. दारव्हा

उत्तर : जाड कॅनव्हास किंवा घट्ट विणीची दुसुती, मांजरपाट लवकर फाटतो. दोन्ही टोकांना दांडा जाईल एवढी दुहेरी शिवण घालावी, आणि कापड बसवण्यापूर्वी मागच्या दांड्याच्या खाचा झिजल्या आहेत का ते पाहावे. झिजल्या असतील, तर आधी त्या नीट कराव्यात. बसणारा खाली येतो तो बहुतेक वेळा तिथूनच.