थ्रीडीएसचा वरचा स्क्रीन गेलाय ना? मग बोर्डाला हात लावू देऊ नका

तुमची पोस्ट वाचताना माझीच जुनी पोस्ट वाचतोय असं वाटलं. थ्रीडीएसचा, म्हणजे निन्टेन्डोच्या त्या दोन स्क्रीनच्या हातातल्या कन्सोलचा, वरचा स्क्रीन काळा, खालचा चालू, आवाज येतोय, 'स्पिरिट ऑफ जस्टिस' या कोर्टातल्या खेळाचा शेवटचा खटला अर्धवट आणि दुकानदार म्हणतोय, "बोर्ड (आतला मुख्य सर्किट बोर्ड) गेलाय, बदलून देतो." उद्या कन्सोल दुरुस्तीला टाकायला जाणार म्हणताय. निदान हे वाचून मग जा.

आधीच सांगतो, मी इलेक्ट्रॉनिक्सवाला नाही, नुसता खेळणारा आहे. पण खालचा स्क्रीन आणि आवाज चालू असेल तर बोर्ड बहुधा ठणठणीत असतो. वरच्या स्क्रीनची पातळ पट्टी बिजागरीतून जाते, ती उघडमीट करून चिरते. तेवढी पट्टी किंवा स्क्रीन बदलून काम होतं. निन्टेन्डोची अधिकृत सर्व्हिस भारतात नाही, त्यामुळे आपण सगळे मोबाइलवाल्यांच्या भरवशावर, आणि त्यांना बोर्ड बदलणं सोपं पडतं.

मी ज्यांच्याकडे दिला त्यांचं नाव लिहीत नाही. परत आला तेव्हा स्क्रीन झकास होता. पण कन्सोलमध्ये कुणा भलत्याच माणसाचं नाव, त्याचाच गोल चेहऱ्याचा 'Mii' (खेळणाऱ्याचं कार्टून-पात्र), आणि होम मेनूवर माझ्या खेळांच्या जागी रिकामे चौकोन. विचारलं तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "साहेब, मेमरी तर एसडी कार्डात असते ना? कार्ड तुमचंच आहे, बघून घ्या." कार्ड माझंच होतं. घरी कॉम्प्युटरला लावलं तर 'निन्टेन्डो ३डीएस' फोल्डरमध्ये आकडे-अक्षरांच्या लांबलचक नावाचे दोन फोल्डर शेजारीशेजारी. एक माझा, गच्च भरलेला. दुसरा नव्या बोर्डाने तयार केलेला, जवळपास रिकामा. कन्सोल पहिल्याकडे ढुंकूनही बघत नव्हता.

कारण असं की कार्डावरचं सगळं त्या एका कन्सोलच्या डिजिटल किल्लीने कुलूपबंद असतं, आणि ती किल्ली बोर्डावर असते. बोर्ड बदलला की किल्ली गेली. कुणी म्हणेल, "मेमरीची चिप काढून नव्या बोर्डावर बसवतो." पैसे देऊ नका. ती चिपसुद्धा तिच्या मूळ प्रोसेसरशीच बांधलेली असते. खरेद्यांचंही तेच, निन्टेन्डो नेटवर्क आयडी (खरेद्या ज्याला जोडलेल्या असतात ते खातं) एका वेळी एकाच थ्रीडीएसला जोडलेला राहतो.

जुना बोर्ड मागायला गेलो तर उत्तर आलं, "तो स्क्रॅपला गेला." तोच बोर्ड परत बसवून डेटा काढता आला असता हो! बिलावर लिहिलं होतं 'स्क्रीन रिप्लेसमेंट', बोर्डाचा उल्लेखच नाही. मालकांनी जॉबकार्ड उलटं करून मागे बारीक अक्षरात छापलेलं 'डेटाची जबाबदारी आमची नाही' दाखवलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. वर तीन महिन्यांची गॅरंटी दिली, त्या परक्या बोर्डाची!

कार्ट्रिजवरचे खेळ वाचले, कारण त्यांचे सेव्ह (खेळ कुठवर आलाय त्याची नोंद) कार्ट्रिजमध्येच असतात. घात झाला तो डिजिटलचा, म्हणजे डाउनलोड केलेल्या खेळांचा. 'स्पिरिट ऑफ जस्टिस' आणि त्याच मालिकेतला आधीचा 'ड्युअल डेस्टिनीज' जपानबाहेर थ्रीडीएसवर फक्त डिजिटल निघाले. ते दोन्ही २०२४ च्या 'अपोलो जस्टिस' ट्रिलॉजीत (तीन खेळांच्या संचात) निन्टेन्डो स्विच आणि पीसीवर मिळतात, म्हणजे खेळ तरी परत घेता येतो. सेव्ह नाही. माझा खरा जीव अडकला होता 'अटॅक ऑफ द फ्रायडे मॉन्स्टर्स'मध्ये. १९७१ च्या टोकियोतली वस्ती, कपडे धुण्याच्या दुकानवाल्यांचा मुलगा, दर शुक्रवारी येणारे राक्षस. इतका छोटा आणि इतका गोड खेळ मी दुसरा पाहिला नाही. तोही डिजिटलच. २७ मार्च २०२३ ला थ्रीडीएसच्या ईशॉपवरची (निन्टेन्डोच्या ऑनलाइन दुकानातली) विक्री बंद झाली, तेव्हा आता विकत घ्यायचीही सोय नाही.

तुमचं नशीब की तुमचा कन्सोल अजून सुरू होतोय. दुरुस्तीआधी त्याच रीजनचा (जगाच्या ज्या भागासाठी तो बनला त्याच भागाचा) दुसरा थ्रीडीएस मिळवा, मित्राचा नको, कायमचा स्वतःचा. दोन्ही पूर्ण चार्ज करून सिस्टिम ट्रान्सफर करा, म्हणजे एका कन्सोलवरचं सगळं दुसऱ्यावर हलवण्याची कन्सोलमधलीच सोय वापरा. वरचा स्क्रीन दिसत नसला तरी बटणं खालच्या स्क्रीनवर येतात, फोनवर एखादा व्हिडिओ शेजारी लावून जमून जाईल. फक्त हे लक्षात ठेवा की ट्रान्सफर झाल्यावर जुना कन्सोल कोरा होतो. कार्डाची कॉपी आधी करून ठेवा. कन्सोल मॉड करून (त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये अनधिकृत फेरफार करून) किल्ली काढून ठेवण्याचा मार्ग काहीजण सुचवतील, त्यात मी पडत नाही.

दुसरा कन्सोल नाहीच मिळाला तर जॉबकार्डवर 'बोर्ड बदलायचा नाही, विचारल्याशिवाय काहीही बदलायचं नाही' असं त्यांच्याकडूनच लिहून घ्या आणि कन्सोलच्या मागचा सिरियल नंबर नव्हे, तर उघडल्यावर बोर्डाचा फोटो मागा. कवच तेच राहतं, सिरियलवरून काही कळत नाही. काढलेला प्रत्येक सुटा भाग परत घ्या. कार्ड दुकानात द्यायचंच नाही.

जाता जाता, पोस्टच्या शेवटी तुम्ही 'व्हर्च्यूज लास्ट रिवॉर्ड' हा कोड्यांचा खेळ पुढे खेळणार असं लिहिलंय. थ्रीडीएसवर खेळणार असाल तर कोड्यांच्या खोलीत असताना सेव्ह करू नका, विशेषतः 'पीईसी रूम' नावाच्या खोलीत. तिथे सेव्ह खराब होण्याचा बग आहे. खोलीतून बाहेर पडा, संवाद सुरू होऊ द्या, मग सेव्ह करा.