वाचक विचारतात: जुन्या टपालाचे वय

प्रश्न: आजोबांच्या ट्रंकेत पोर्तुगीज काळातली पाकिटे मिळाली. काही तिकिटांवर मूळ किंमत खोडून नवी छापली आहे. तिकिटे भिजवून काढू का?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर: मुळीच नको! सुट्ट्या तिकिटाला फारसे कोणी विचारत नाही. अख्खे पाकीट आणि त्यावरचा शिक्का यालाच मोल.

नवी किंमत ही चूक नव्हे. 1959 च्या आरंभी गोव्यात रुपिया-तांगा हे चलन जाऊन एस्कुदो-सेंताव्ह आले. एका रुपियाचे सहा एस्कुदो. शिल्लक तिकिटे फेकण्याऐवजी त्यांच्यावर नवे आकडे छापले गेले.

आता उजेड तिरपा धरून भिंगातून शिक्क्याची तारीख वाचा. गोवा 19 डिसेंबर 1961 रोजी मुक्त झाला. भारतीय तिकिटे 29 डिसेंबरला सुरू झाली, पण जुनी 5 जानेवारी 1962 पर्यंत चालली. त्या आठवड्यातला शिक्का जुन्या तिकिटावर दिसला, तर ते पाकीट बाजूला काढा आणि जाणकाराला दाखवल्याशिवाय विकू नका. दोन्ही राजवटींची तिकिटे एकाच पाकिटावर असतील तर शिक्का आधी तपासून घ्या; अशा जोड्या नंतर जुळवताही येतात.

खरा शत्रू आपला पावसाळा. लॅमिनेशन, सेलोटेप, पीव्हीसीची चिकट पाने, तिन्ही वर्ज्य; पीव्हीसीतले रसायन शाई ओढून घेते. पॉलिएस्टरचे पाऊच घ्या, डब्यात सिलिका जेल टाका. खडे रंग बदलले की ते ओलावा पिऊन भरले असे समजा. ओव्हनमध्ये सुमारे 110 अंशांवर दोनेक तास सुकवून परत वापरता येतात. बुरशी दिसली तर ओल्या फडक्याने पुसू नका, ती पसरते. आधी सावलीत सुकवा, मग मऊ ब्रशने झाडा, तेही घराबाहेर.

प्रश्न: पत्रावरची तारीख पुसली आहे, पण पत्त्यात 403601 आहे. काळ कळेल?
– एक वाचक, मडगाव

उत्तर: अंदाज येतो. पिनकोड 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाला, म्हणजे पत्र त्यानंतरचे. पहिला 4 महाराष्ट्र-मध्य प्रदेश पट्ट्याचा, 403 गोव्याचा, शेवटचे तीन आकडे मडगाव टपाल कार्यालयाचे. सोबत टेलिफोनचे बिल असेल तर वरचे नाव पाहा. डाक आणि तार हे एकच खाते 1985 च्या आरंभी दुभंगले, आणि बीएसएनएल हे नाव ऑक्टोबर 2000 नंतरच दिसेल.