टाकीत पाणी येतं कुठून?

प्रश्न : आमचं सेस्ना १७२ हे छोटं विमान उजळाईवाडी विमानतळावर उघड्यावर उभं असतं. पावसाळ्यात इंधनाच्या नमुन्यात पाण्याचे थेंब दिसतात. झाकण तर घट्ट असतं! – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आधी झाकणाचं रबरी वॉशर बघा. ते कडक झालं, तडकलं की पंखावरचं पाणी आत झिरपतं. दुसरं कारण अर्धी रिकामी टाकी. रात्रीच्या गारव्यात आतल्या दमट हवेचं पाणी होतं, म्हणून उड्डाण संपलं की टाकी भरून ठेवा. पुढच्या उड्डाणाआधी भरलेल्या टाकीच्या वजनाचा हिशेब मात्र करा.

पाणी जड, ते तळाला बसतं. विमान सपाट जागी ठेवून दोन्ही पंखांखालच्या आणि इंजिनाखालच्या प्रत्येक ड्रेनमधून (इंधन काढून बघायची छोटी झडप) पारदर्शक कपात नमुना घ्या. दिवसाच्या पहिल्या उड्डाणाआधी आणि दर वेळी इंधन भरल्यावर. फसगत होते ती इथं : अख्खा कप पाण्यानंच भरला तर पाणी आणि इंधनामधली रेघ दिसतच नाही, सगळं स्वच्छ वाटतं. कप पांढऱ्या कागदासमोर धरा. १०० एलएल, म्हणजे विमानाचं पेट्रोल, निळं दिसायलाच हवं. वासही घ्या.

पाणी दिसलं तर पंख हलवून, थोडं थांबून पुन्हा नमुना काढा. तरीही पाणी येतच राहिलं तर त्या दिवशी उडू नका, मेकॅनिकला बोलवा.