वाचकांचे प्रश्न : अगत्ती ते पोर्ट ब्लेअर किती दूर?

प्रश्न : निवृत्तीनंतर आम्हा उभयतांना लक्षद्वीप आणि अंदमान एकाच प्रवासात पाहायचे आहेत. नातवाच्या नकाशासंग्रहात अगत्ती आणि पोर्ट ब्लेअर जवळजवळ एकाच आडव्या रेषेत दिसतात. या दोन विमानतळांमधले अंतर किती आणि विमानाला वेळ किती लागेल? – एक वाचक, देवगड

उत्तर : नातवाचा नकाशा बरोबर आहे. अगत्ती १०.८ अंश उत्तर अक्षांशावर आणि पोर्ट ब्लेअर, म्हणजे २०२४ पासूनचे श्री विजयपुरम, ११.६ अंशांवर आहे. रेखांशांत मात्र साडेवीस अंशांचा फरक पडतो. त्यामुळे सरळ हवाई अंतर सुमारे २,२४० किलोमीटर भरते. मुंबईहून पोर्ट ब्लेअर २,२८० किलोमीटर आहे, म्हणजे अरबी समुद्रात इतके दक्षिणेला जाऊनही अंतर जेमतेम चाळीस किलोमीटरने कमी होते. घरी तीस सेंटिमीटर व्यासाचा पृथ्वीगोल असेल तर नातवाला शिवणाचा दोरा ताणून मोजायला सांगा; तो सव्वापाच सेंटिमीटरच्या आसपास येईल.

जेट विमान हे अंतर सुमारे तीन तासांत कापेल. परंतु अशी थेट विमानसेवा नाही, आणि त्याचे मुख्य कारण अंतर नसून अगत्तीची धावपट्टी आहे. बेट लांबट आणि अतिशय अरुंद, त्यामुळे पट्टी सुमारे १,२०० मीटरचीच आहे. आपल्या सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाची २,५०० मीटर आहे. एवढ्याशा पट्टीवर एटीआरसारखी पंख्याची विमाने उतरतात, मोठी जेट विमाने उतरू शकत नाहीत, आणि भरल्या एटीआरला एका दमात पोर्ट ब्लेअर गाठणे शक्य नाही.

म्हणून मार्ग मुख्य भूमीवरून जातो. अगत्ती ते कोची सुमारे ४६५ किलोमीटर असून त्याला दीड तास धरावा. कोची ते चेन्नई एक तासाहून थोडे अधिक, आणि चेन्नई ते पोर्ट ब्लेअर हे सुमारे १,३७० किलोमीटर सव्वादोन तासांत होतात. हवेतला वेळ पाच तासांच्या आसपास येतो, तरी विमाने बदलण्यातला वेळ धरला तर एका दिवसात हा प्रवास आटोपेल असे मानू नये. कोचीला किंवा चेन्नईला मुक्काम ठेवावा, विशेषतः आपल्या वयात. अगत्तीचे विमान हवामानामुळे चुकले तर पुढचे तिकीट वाया जाते. त्याच कारणाने पावसाळाही टाळावा.

घड्याळ दोन्हीकडे एकच असले तरी सूर्य पोर्ट ब्लेअरला सुमारे ऐंशी मिनिटे आधी उगवतो. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य बुडतो, तिथे पाचच्या आसपासच अंधारू लागते. सेल्युलर जेल पाहायला सकाळीच निघावे. लक्षद्वीपसाठी प्रवेश परवाना लागतो, तेव्हा तो हाती आल्यावरच तिकिटे काढावीत.