इलेक्ट्रॉनिक ड्रमसाठी स्नेअर पॅड घेताय? आधी मॉड्यूल बघा
पॅड निवडण्याआधी मॉड्यूलचं, म्हणजे पॅडवरच्या फटक्यांचा आवाज काढणाऱ्या डब्याचं, मॅन्युअल उघडा. स्नेअरच्या इनपुटला ड्युअल-झोन पॅड (मधला भाग आणि कडा, म्हणजे रिम, वेगवेगळे वाजणारा) चालतो का, कोणत्या कंपनीचे पॅड जुळतात, हे तिथेच कळतं. नवखे नेमके इथेच फसतात: महागडा पॅड आणतात आणि रिमशॉट (मधला भाग आणि रिमवर एकदम मारलेला फटका) वाजतच नाही. कधी दोष नुसत्या केबलचा असतो; दोन झोनना स्टिरिओ केबल लागते, मोनोवर रिम मुकी राहते. काही डिजिटल पॅड यूएसबीवर चालतात, ते ठरावीक मॉड्यूललाच जोडता येतात.

बाकी सोपं आहे.

- रबरापेक्षा मेश (जाळीचा पृष्ठभाग) घ्या. आवाज कमी, मनगटालाही सुख.
- 10 ते 12 इंच पुरे. 14 इंचांचा मोह सध्या आवरा.
- मेश फार सैल ठेवू नका, उसळी जाते.

हलके फटके उमटत नसतील तर लगेच पॅडला नावं ठेवू नका, आधी मॉड्यूलमध्ये सेन्सिटिव्हिटी (फटका टिपण्याची संवेदनशीलता) वाढवून बघा. पोझिशनल सेन्सिंग (फटका पॅडवर कुठे बसला ते ओळखून आवाज बदलणं) वगैरे पुढे कधीतरी.