वाचकांचे प्रश्न : बेडूक आणि सॅलॅमँडरचे पत्ते

प्रश्न : शाळेच्या निसर्ग मंडळासाठी उभयचरांचा पत्त्यांचा खेळ करतो आहोत. अंडी, टॅडपोल, पाय फुटलेलं पिल्लू आणि प्रौढ असे चार पत्ते, रमीसारखा संच जमवायचा. चित्रकाराने बेडूक आणि सॅलॅमँडर (पालीसारखा दिसणारा शेपटीवाला उभयचर) यांची पिल्लं सारखीच काढली आहेत. चालेल का?

उत्तर : चालणार नाही, चित्रं पुन्हा काढून घ्या. खेळातली खरी गंमत याच दोन पत्त्यांत आहे. बेडकाचा टॅडपोल म्हणजे डोकं आणि धड एकत्र झालेला गोळा आणि मागे शेपटी. त्याचे बाहेरचे कल्ले सुरुवातीला थोडे दिवस दिसतात, मग त्यांच्यावर कातडीची झापड येते. सॅलॅमँडरच्या पिल्लाला मानेच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे तीन-तीन कल्ले असतात आणि ते रूपांतरण होईपर्यंत बाहेरच राहतात.

पायांचा क्रमही उलटा. बेडकाचे मागचे पाय आधी दिसतात. पुढचे झापडेखाली वाढत असतात आणि तयार झाले की बाहेर पडतात. सॅलॅमँडरला पुढचे पाय आधी फुटतात. म्हणून तिसऱ्या पत्त्यावर बेडकाचे फक्त मागचे पाय दाखवा, सॅलॅमँडरचे फक्त पुढचे. प्रौढ सॅलॅमँडर पालीवर बेतून काढला की पुढच्या पायाला पाच बोटं आणि नखं येतात. प्रत्यक्षात पुढे चारच बोटं असतात, नखं नाहीत, अंगावर खवलेही नाहीत.

काही प्राणी चार पत्त्यांत बसत नाहीत, ते मुद्दाम घ्याच. सह्याद्रीतल्या राओर्चेस्टिस गटातल्या झुडपी बेडकांना पोहणारा टॅडपोलच नसतो. अंड्यातून थेट इवलासा बेडूक निघतो. त्यांचा संच दोनच पत्त्यांचा. मेक्सिकोतल्या सोचिमिल्को सरोवरातला सॅलॅमँडर अ‍ॅक्सोलोटल कल्ले न टाकताच प्रौढ होतो, म्हणून त्याच्या चौथ्या पत्त्यावरही कल्ले हवेत. ते पत्त्यावर लिहाही, नाहीतर मुलं बिनकल्ल्यांच्या पत्त्याची वाट बघत बसतात.

प्रश्न : याच प्राण्यांचा ट्रम्प कार्डचा खेळही केला, पण 'लांबी' म्हटलं की चिनी महाकाय सॅलॅमँडरच जिंकतो.

उत्तर : जिंकणारच, तो पावणेदोन मीटरपर्यंत वाढतो आणि आपला मोठा हिरवा बेडूक, पावसात नर पिवळाजर्द होतो तो, साधारण सोळा सेंटीमीटर. शिवाय तुमच्या आकड्यांची मापं वेगवेगळी असणार. बेडकाची लांबी तोंडाच्या टोकापासून गुदद्वारापर्यंत मोजतात, सॅलॅमँडरची बऱ्याचदा शेपटीसकट दिलेली असते. सगळीकडे गुदद्वारापर्यंतचंच माप घ्या आणि ते मिळत नसेल तर तो रकाना कोरा ठेवा. प्रत्येक डावाआधी नाणं उडवा : छापा आला तर मोठा जिंकेल, काटा आला तर लहान. 'धोक्याची पातळी', म्हणजे प्राणी नामशेष होण्याचा धोका किती, हा रकाना ठेवणार असाल तर 'माहिती अपुरी' ही पातळी नव्हे. तो पत्ता आला की डाव बरोबरीत, पत्ते मध्ये ठेवायचे. पातळी बदलत राहते, म्हणून शेजारी वर्ष छापा.

प्रश्न : आपल्याकडे सॅलॅमँडर नाहीतच, मग ते घ्यावेत का?

उत्तर : सह्याद्रीत नाहीत, पण दार्जिलिंगच्या डोंगरात हिमालयी सॅलॅमँडर आहे. तो घ्याच. सह्याद्रीत उभयचरांचा तिसरा गट आहे : बिनपायांचं देवगांडूळ. साप समजून लोक ते मारतात, म्हणून जोकरच्या दोन्ही पत्त्यांवर तेच छापा.

प्रश्न : छपाईसाठी माप कोणतं घ्यावं?

उत्तर : 63 × 88 मिलिमीटर. ए-फोर कागदावर नऊ पत्ते बसतात, चार कागदांत 36. चार-चारचे आठ संच, झुडपी बेडकाचे दोन पत्ते आणि दोन जोकर, हिशेब बरोबर जमतो. चौघांना सात-सात वाटले की आठ गड्डीत उरतात. कागद जाड, 300 जीएसएमचा (चौरस मीटरला 300 ग्रॅम) घ्या. घरच्या प्रिंटरमध्ये तो बहुधा अडकतो, डिजिटल छपाईच्या दुकानातून काढून आणा. मागच्या बाजूला चौकट नको. छपाई एक मिलिमीटर सरकली तरी चौकट वाकडी दिसते आणि मुलं त्यावरून पत्ता ओळखतात. एकसलग गडद रंग ठेवा. पाऊचचं लॅमिनेशन टाळा, पत्ते घसरतात आणि पिसता येत नाहीत.