फसली पावती, इंग्रजी हब

प्रश्न : काका, नमस्कार. आजोबांची रॅले सायकल वाड्याच्या ढेलजेत पडून होती. ट्रंकेत तिची उर्दू पावती सापडली. गल्लीतल्या मौलवीसाहेबांनी वाचून सांगितलं, साल १३५६. मागच्या चाकाच्या हबवर, म्हणजे मधल्या तुंब्यावर, मात्र ‘एडब्ल्यू’ आणि ‘५२ १०’ असं कोरलेलं आहे. मग सायकल कधीची धरायची? – एक वाचक, सेलू

उत्तर : तुमची पावतीही खरी आणि हबही खरा. १३५६ हे फसली, म्हणजे शेतसाऱ्याच्या हिशोबाचं साल. निजामाच्या राज्यात कागदोपत्री तेच चालायचं. त्यात ५९० मिळवा, १९४६ येतं. तिथलं फसली वर्ष ऑक्टोबरात बदले, म्हणून तुमची पावती ऑक्टोबर १९४६ ते ऑक्टोबर १९४७ या वर्षातली. मौलवीसाहेबांना पुन्हा एकदा त्रास द्या आणि महिना वाचून घ्या. आजूर असेल तर ऑक्टोबर, बहमन असेल तर डिसेंबर. रक्कम हाली (निजामी रुपया) आहे की कलदार (इंग्रजी रुपया), तेही विचारा.

आता हब. एडब्ल्यू म्हणजे नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चर कंपनीचा तीन गिअरचा हब. हा प्रकार १९३६ पासूनचा. त्यावरचा पहिला आकडा साल, दुसरा महिना. म्हणजे तुमचा हब ऑक्टोबर १९५२ चा. सरळ आहे की मागचं चाक नंतर बसवलं. आजोबांनी साधी सायकल घेतली असेल आणि हातात चार पैसे आल्यावर गिअरचं चाक टाकलं असेल. हँडलवर गिअरचा खटका किंवा त्याच्या पट्टीचा डाग दिसतो का बघा.

पुढच्या नळीवरचा बिल्ला नीट वाचा. नॉटिंगहॅम, इंग्लंड असं असेल तर पावतीशी जुळलं. भारतात रॅले बनवणाऱ्या सेन-रॅले कंपनीचा आसनसोलचा कारखाना त्यानंतरचा, म्हणून बिल्ल्यावर भारतात बनवल्याचं निघालं तर ती पावती दुसऱ्याच सायकलची! घरात दोन सायकली असणं आणि एक विकली जाणं, यात नवल नाही. नगरपालिकेचा पितळी बिल्ला लटकत असेल तर त्यावरचं साल कर भरल्याचं, खरेदीचं नव्हे.

आणि हात जोडून सांगतो, कोरीव अक्षरांवर पॉलिश पेपर मारू नका. रॉकेल आणि जुना टूथब्रश पुरे. जालन्यात माझ्या दुकानात चकचकीत घासून आणलेले हब येतात, त्यांवरून बोट फिरवलं तरी आकडा लागत नाही. मग मालक म्हणतो, वय सांगा.

प्रश्न : बाजारात ब्रूक्सची चामडी सीट मिळाली. तिच्यावर ‘बी ६६’ लिहिलंय. विकणारा म्हणतो १९६६ ची आहे, त्याचेच जास्त पैसे घेतले. – उदगीर

उत्तर : विकणाऱ्याला धंदा कळतो, सीट कळत नाही. बी ६६ हे मॉडेलचं नाव आहे. तसंच बी ७२ सुद्धा आहे, ती काय १९७२ ची? साल शोधायचं तर सीट उलटी करा आणि मागच्या लोखंडी पट्टीवर, जिथे चामडं रिव्हेटने ठोकलेलं असतं, तिथे बघा. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या सीटवर एक इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे सापडतात. ए ते डी ही अक्षरं वर्षाच्या चार तिमाह्यांची, आकडे सालाचे. तिथे ‘सी ५८’ दिसलं तर जुलै ते सप्टेंबर १९५८. गंज असेल तर आधी तेल लावून रात्रभर ठेवा. चामड्याला मात्र रॉकेल लागू देऊ नका, तडकतं.

प्रश्न : भंगारात शिमानो कंपनीचा मागचा डिरेलर (गिअर बदलताना साखळी सरकवणारा भाग) सापडला. आतल्या बाजूला फक्त ‘ईएफ’ आहे. – विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : शिमानोचं पहिलं अक्षर सालाचं, दुसरं महिन्याचं. ए म्हणजे १९७६, तिथून मोजत ई म्हणजे १९८०. एफ सहावं, म्हणजे जून. पण २००१ ला झेड आला आणि अक्षरं पुन्हा ए पासून सुरू झाली, त्यामुळे ई २००६ चाही असू शकतो. शंका असेल तर डिरेलरची घडण बघा, आणि शक्य तर त्याच सायकलचे ब्रेक अन् क्रँकही उलटून बघा. पेटंटचा आकडा वेगळा छापलेला असेल तर तो सोडून द्या. तो शोध कधी नोंदवला ते सांगतो, तुमचा भाग कधी बनला ते नाही.